बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा चांगलं का? इंजिनाला त्रास होतो का?

बायोडिझेल म्हणजे वनस्पती तेल किंवा चरबीपासून बनवलेलं इंधन. साध्या डिझेलमध्ये त्याचं २० टक्क्यांपर्यंतचं मिश्रण बहुतेक डिझेल इंजिनांत काही बदल न करता चालतं. शंभर टक्के बायोडिझेल मात्र जुन्या इंजिनात सरळ ओतू नका. त्यात वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे इंधन जास्त पूर्ण जळतं आणि काजळी कमी होते. गंधक जवळपास नाहीच. लिटरमागे ऊर्जा थोडी कमी, म्हणजे मायलेज जरा घटणार. खरी डोकेदुखी वेगळीच: ते टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. सुरुवातीला एक जादा फिल्टर जवळ ठेवाच. नैसर्गिक रबराच्या जुन्या नळ्याही फुगतात. थंडीत कधी गोठेल हे मूळ तेलावर ठरतं. पामतेलाचं लवकर गोठतं, मोहरीवर्गीय तेलाचं बरंच उशिरा.