अकरा खून नकोत, दोन पुरे

प्रिय मुली,

तुझी पटकथा काल एका बैठकीत वाचून काढली. युद्धावरून परतलेला फौजी, ढिम्म पोलीस, मग तो एकटाच गुंडांना संपवत सुटतो. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर अमेरिकेत सत्तर-ऐंशीच्या दशकांत असे स्वस्तातले सिनेमे खूप निघाले. त्यामागे खरी जखम होती. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्या आघाताला आजार म्हणून अधिकृत सूचीत घेतलं, ते 1980 साली. तुझ्या फौजीला जखमच नाही. कमांडो तेवढा आहे.

आपण नाशिकची माणसं. देवळालीत तोफखान्याचं स्कूल आहे, मग तुझा फौजी गनर का नाही? 1999 ला कारगिलमध्ये बोफोर्सवर असलेला. त्याचा गोळा वीस-वीस किलोमीटरवर जाऊन पडायचा, मेलेल्याचा चेहरा त्याने कधी पाहिलाच नाही. शिवाय तोफ एकट्याने चालत नाही. कुणी गोळा भरतो, कुणी नेम लावतो, हुकूम दुसऱ्याचाच. असा माणूस सातपूरच्या एमआयडीसीत पहिल्यांदा कुणाची कॉलर धरतो आणि समोर चेहरा असतो. तिथे कॅमेरा हलवू नकोस. तुझा सिनेमा तिथे आहे गं!

आणि त्याचे कान. वर्षानुवर्षं तोफेशेजारी उभं राहून ऐकू कमी येतं, शिट्टीसारखा आवाज कानात राहतो. मारामारी त्याच्या कानांनी ऐकव. स्फोटाला पैसे लागतात, याला एक चांगला साउंडवाला पुरतो.

अकरा खून आहेत, दोन ठेव. दुसऱ्यानंतर मेलेल्याच्या आईकडे जा, तो प्रसंग तू दोन ओळींत उरकलायस.

खेळण्यातलं पिस्तूल असलं तरी पोलिसांची परवानगी हातात असल्याशिवाय रस्त्यावर काढायचं नाही. फाइट मास्टरच्या पैशात काटकसर नको, कुणाचा हात मोडला तर मी तुला माफ करणार नाही. जेवणातही नको. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांनी 1913 चा पहिला सिनेमा केला, तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या आणि सगळ्या युनिटचं रांधायच्याही.

आधी देवळाली कॅम्पात एखाद्या निवृत्त गनरकाकांकडे जाऊन बस. किती मारले, हे विचारू नकोस. तोफेवर सोबत कोण कोण होतं, ते विचार. मग नवा मसुदा घेऊन घरी ये.

तुझा,
काका