खेळाडूच्या नावाचा माऊस घ्यावा का?

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, व्हॅलोरंट हा नेमबाजीचा संगणकी खेळ खेळतो. त्याला फेकर या खेळाडूच्या नावाचा रेझर कंपनीचा माऊस हवाय. साध्या माऊसपेक्षा तो बराच महाग आहे. घ्यावा का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, निव्वळ नावासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. फेकर 'लीग ऑफ लेजंड्स' या संगणकी खेळाचा मोठा खेळाडू, यात वाद नाही. पण त्याच्या नावाचा माऊस म्हणजे आतून रेझरचा नेहमीचा डेथअॅडर व्ही३ प्रो हा माऊसच. वेगळी आहे ती वरची सजावट.

सगळीच नावं मात्र पोकळ नसतात. झोवी कंपनीच्या ईसी माऊसमधलं 'ईसी' म्हणजे 'काउंटर-स्ट्राइक' या नेमबाजीच्या संगणकी खेळाचा स्वीडनचा खेळाडू एमिल क्रिस्टेन्सेन (नावाची इंग्रजी आद्याक्षरं). त्याने आकार ठरवण्यात खरोखर लक्ष घातलं आणि हाताप्रमाणे लहान-मोठी मापंही निघाली. मला अशाच सहभागाची किंमत वाटते.

मुलाला दुकानात घेऊन जा. माऊसवर हात ठेवून तो उचलायला आणि झटकन बाजूला सरकवायला सांगा. करंगळी घासते का, अंगठ्याला बाजूची बटणं सहज लागतात का, हे तिथंच कळतं. वजन साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास असेल तर उत्तम. खोक्यावरच्या तीस हजार डीपीआयला (माऊस किती संवेदनशील, याचा आकडा) भुलू नका. व्हॅलोरंटचे बहुतेक व्यावसायिक खेळाडू ८०० किंवा १६०० वरच खेळतात. उरलेल्या पैशांत मोठा कापडी माऊसपॅड घ्या आणि वॉरंटीसाठी पक्कं बिल मागून घ्या.