मारुती ८०० चं इंजिन असलेली स्वस्त किट कार सांगली-साताऱ्याकडच्या मातीच्या शर्यतींसाठी कशी तयार करावी? एस्टीमचं इंजिन टाकावं का?

तुम्ही लिहिलंय की ट्यूबच्या सांगाड्याचा किट घेतलाय, मागे ८०० चं इंजिन-गिअरबॉक्स बसणार आहे, हातात दीडेक लाख उरलेत आणि ते एस्टीमच्या १३०० सीसी इंजिनावर घालायचा विचार आहे. घालू नका. मातीत गाडी थांबते ती ताकद कमी पडली म्हणून नाही, चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या आर्मचे ब्रॅकेट तुटले म्हणून. असले किट डांबरी रस्ता डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. जत-खानापूरचा माळ किंवा माण-खटावचा मुरूम त्यांच्या हिशेबात नसतो.

विट्याच्या एकाची अशीच गाडी कुपवाडच्या एका शेडमध्ये आली होती. तक्रार एकच, सरळ जातानाही खड्डा आला की मागून गाडी आपोआप वळते. मालकाने टायर बदलले होते, शॉकॲबसॉर्बर बदलले होते, दोनदा अलाइनमेंट करून आणली होती. मशीनवर सगळं बरोबर दिसत होतं, कारण तिथे गाडी उभी असते. दोष चाक वर-खाली होताना दिसतो.

८०० चं पुढचं नकल (चाकाचा हब धरणारा तुकडा) मागे लावलं की स्टेअरिंगचा टाय रॉड लागायचा त्या ठिकाणी एक पक्का रॉड द्यावा लागतो, टो-लिंक. त्या गाडीत या रॉडचं आतलं टोक सांगाड्यावर जिथे जागा मिळाली तिथे वेल्ड केलेलं होतं, लोअर आर्म ज्यावर फिरतो त्या पिव्होटपेक्षा बोटभर वर, आणि रॉडही आखूड. चाक वर गेलं की आर्म एका त्रिज्येत फिरतो आणि टो-लिंक दुसऱ्या. मग चाक वळणारच. बाहेरचं टोक खालच्या बॉल जॉइंटच्या उंचीला असेल तर आतलं टोक आर्मच्या पिव्होटच्या उंचीला हवं आणि रॉडची लांबी आर्मइतकी हवी. बाहेरची उंची वेगळी असेल तर आतली जागा मोजूनच शोधावी लागते.

मोजायला महागडं काही लागत नाही. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) लेव्हलला ठेवा. मागची स्प्रिंग काढा, पण स्ट्रट जागेवर राहू द्या. हबवर ६०० मिमीची सरळ पट्टी आडवी बांधा, गाडीच्या मध्यरेषेला समांतर दोरी ताणा. मग जॅकने हब २५ मिमीच्या टप्प्याने ७५ मिमी वर आणि ७५ मिमी खाली न्या आणि प्रत्येक टप्प्याला पट्टीची दोन्ही टोकं दोरीपासून मोजा. पूर्ण प्रवासात फरक दीड मिमीच्या आत यायला हवा. सस्पेन्शन दाबल्यावर चाकाची पुढची कड किंचित आत वळली तर चालेल, बाहेर अजिबात वळता कामा नये. टो-लिंकचं ब्रॅकेट ४ मिमी पत्र्याचं आणि बोल्टला दोन्ही बाजूंनी धरणारं करा. एकाच बाजूने धरलेला बोल्ट पहिल्या मोठ्या खड्ड्यात वाकतो. रॉडला एका टोकाला डावे आणि दुसऱ्याला उजवे आटे द्या, म्हणजे रॉड न काढता टो (चाकाचा आत-बाहेरचा कोन) बसवता येतो.

त्याच गाडीत दुसरा दोषही होता आणि तो बहुतेक किटमध्ये सापडतो. ८०० चा लोअर आर्म हा एकच आडवा दांडा आहे. त्याला पुढे-मागे धरून ठेवण्याचं काम स्टॅबिलायझर बार करतो. मागे बसवताना 'बार कशाला' म्हणून तो काढून टाकतात. मग ब्रेक मारला की चाक मागे सरकतं, ॲक्सिलरेटर दिला की पुढे, आणि सगळा मार बुशवर येतो. एक तर बार त्याच्या मूळ कोनात ठेवा, नाहीतर आर्मलाच ट्यूबचा दुसरा पाय जोडून इंग्रजी ए आकाराचा आर्म करा. मी दुसरा मार्ग घेईन.

आर्मचे ब्रॅकेट ट्यूबच्या मध्यावर असतील तर ते हलवा. दोन-तीन ट्यूब जिथे मिळतात तिथेच जोर द्यायचा. मध्यावर लावलेलं ब्रॅकेट ट्यूबला सारखं वाकवत राहतं आणि वेल्डच्या कडेने केसासारखी चीर जाते. हलवणं शक्यच नसेल तर ट्यूबला निम्म्याहून जास्त वेढणारा ३ मिमीचा पत्रा आधी वेल्ड करा आणि मग त्यावर ब्रॅकेट.

बाकीचं थोडक्यात. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असेल तर पाण्याच्या लांब नळ्यांत हवा अडकते, म्हणून सर्वात उंच जागी हवा काढायचा स्क्रू हवाच. एअर फिल्टर मागच्या चाकाच्या मागे ठेवलात तर इंजिन मुरूम खाईल. नळी छपरापर्यंत न्या आणि वर तेल लावलेला फोम घाला. वजन मागे जास्त असतं म्हणून मूळ ब्रेकचा हिशेब लागू होत नाही. दोन मास्टर सिलिंडर आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर वाटून देणारं बॅलन्स बारवालं पेडल घ्या आणि पुढची चाकं आधी लॉक होतील असं लावा. सस्पेन्शन पूर्ण खाली लटकलं की शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा कोन मर्यादेबाहेर जातो. पट्टा बांधून ती हालचाल अडवा. टायर रुंद नको, अरुंद टायर सुटा मुरूम कापून खालच्या कठीण थरापर्यंत जातो. १४५/८० आर १२ ऐवजी १५५/८० आर १३ घातलेत तर चाकाचा व्यास जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढतो आणि गिअर तेवढेच लांब होतात. ८०० च्या इंजिनाला ते चढावर जाणवतं.

आता केजचा, म्हणजे गाडी उलटली तर आतल्याला वाचवणाऱ्या पिंजऱ्याचा, पाईप. यावर इथल्या वेल्डर मंडळींशी माझं जुनं भांडण आहे. शेडच्या कैच्या करणाऱ्याचा हात सरळ दीड इंची काळ्या पाईपकडे जातो. म्हणे जाड आहे, मोडत नाही. हिशेब करा. त्या मीडियम पाईपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी, जाडी ३.२, वजन मीटरला साडेतीन किलोच्या वर. ४० बाय २ मिमीची कोल्ड ड्रॉन सीमलेस ट्यूब मीटरला १.९ किलोच्या आत. वीस मीटरच्या केजला ३४ किलोच्या आसपास फरक पडतो आणि त्यातलं बरंचसं वजन डोक्याच्या वर. एवढं करून पोलाद कमी ताकदीचंच. पाण्याच्या पाईपला आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे किमान ताणशक्ती ३२०, तर एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या केजच्या नियमात सीमलेस ट्यूबला किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी. त्याच नियमात मागची मुख्य कमान ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २, आणि बाकीच्या ट्यूब ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. वाकवायचं ते थंडच, त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट. वाळू भरून गॅसवर तापवलेली ट्यूब केजला लावू नका, वाकताना चपटली असेल तर तिथेच दुमडेल. जोडाची तोंडं माशाच्या तोंडासारखी कापून घट्ट बसवा, आधी सगळीकडे टाके मारा, मग समोरासमोरचे जोड आलटून-पालटून सीओटू वेल्डिंगने भरा. सलग एकाच बाजूने वेल्ड केलं की सांगाडा पीळ खातो. वेल्ड ग्राइंडरने गुळगुळीत करायला कुणी सांगत असेल तर ऐकू नका, ताकद तिथेच जाते. वेल्डरची परीक्षा सोपी आहे. त्याच ट्यूबच्या दोन तुकड्यांचा जोड करून घ्या आणि मधोमध कापून बघा. धातू आतल्या कडेपर्यंत वितळलेला नसेल तर दुसरा माणूस शोधा.

इंजिनाबद्दल एवढंच की एस्टीमचं ८५ बीएचपी आणि ८०० चं ३७ ते ४५, हा फरक मोठा आहे, मान्य. पण इंजिनासोबत गिअरबॉक्स, शाफ्ट, माउंटिंग आणि रेडिएटर असं सगळंच बदलतं आणि तुमचे दीड लाख तिथेच संपतात. ८०० चंच ठेवा, सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) तेल हेलकावू न देणारे आडवे पत्रे, म्हणजे बॅफल, घाला, खाली जाड ॲल्युमिनियमचा गार्ड लावा.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं. ही गाडी खऱ्या रॅलीत पळणार नाही. रॅलीत एका स्टेजवरून (वेळ मोजतात त्या टप्प्यावरून) दुसऱ्या स्टेजला सार्वजनिक रस्त्याने जावं लागतं आणि घरी जोडलेल्या गाडीला नोंदणी मिळत नाही. नोंदणी झालेल्या गाडीतही मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. देवराष्ट्रेच्या कारागिराच्या भंगारातल्या जीपबद्दल आनंद महिंद्रांनीही लिहिलं होतंच की ती नियमात बसत नाही, अधिकारी आज ना उद्या अडवतील, आणि २०२२ मध्ये तिच्या बदल्यात बोलेरो दिली. तुमच्यासाठी ऑटोक्रॉस आणि डर्ट ट्रॅकचा खुला वर्ग आहे. तिथे गाडी टेम्पोतून न्या. सराव स्वतःच्या रानात किंवा मालकाच्या परवानगीने माळावर करा, कास पठाराकडे चाक वळवू नका. लोखंड कापण्याआधी आयोजकांकडून त्या स्पर्धेचं नियमपत्रक मागवा, स्पर्धा एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या मान्यतेची असेल तर लायसन्सचंही विचारा. हार्नेस (शर्यतीचा सीट बेल्ट) जुन्या बाजारातून घेताना त्यावरची मुदतीची तारीख वाचा, ती संपलेली असेल तर तपासणीत गाडी बाहेरच राहते.