एका दिवसात दोन-तृतीयांश अभ्यास विसरतो का?

प्रश्न : माझा मुलगा राजारामपुरीतील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. ‘पाठ केलेल्यापैकी दोन-तृतीयांश भाग माणूस एका दिवसात विसरतो, हे एका जर्मन शास्त्रज्ञाने सिद्ध केले आहे’, असे कोणीतरी सांगितल्यापासून तो धास्तावला आहे. हे शास्त्रज्ञ कोण आणि त्यांनी हे मोजले कसे?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : हे शास्त्रज्ञ म्हणजे हर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९). स्मरणशक्तीसारखी गोष्ट प्रयोगाने मोजताच येणार नाही, असे मोठमोठे विद्वान मानत होते, त्या काळात त्यांनी १८७९ पासून स्वतःवरच प्रयोग सुरू केले आणि १८८५ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ओळखीच्या शब्दांना जुन्या आठवणी चिकटलेल्या असतात, म्हणून व्यंजन, स्वर, व्यंजन अशी जुळणी करून त्यांनी सुमारे २,३०० निरर्थक शब्द तयार केले. आपल्याकडे ‘ढोश’, ‘झुफ’, ‘ठेम’ असे काहीतरी बनवावे, तसे. या शब्दांच्या माळा ते एकसारख्या ठेक्यात वाचत आणि तेरा शब्दांची माळ दोनदा बिनचूक म्हणता येईपर्यंत थांबत नसत.

पुढचा भाग मात्र नीट समजून घ्यावा, कारण गैरसमज तेथेच होतो. किती शब्द आठवले, हे त्यांनी मोजलेच नाही. विसरलेली माळ पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती वेळाची बचत झाली, हे मोजले. ही बचत वीस मिनिटांनंतर ५८ टक्के, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनंतरही २१ टक्के होती. एका दिवसानंतरच्या या ३४ टक्क्यांवरूनच ‘दोन-तृतीयांश विसरतो’ असे म्हटले जाते. म्हणजे विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि पुढे मंदावते. शिवाय जे आठवत नाही असे आपल्याला वाटते, त्याचाही ठसा मनात शिल्लक असतो. माझ्या मते एबिंगहाउस यांचे खरे मोठेपण ही मोजपट्टी शोधण्यात आहे आणि आपल्या मुलाला धीर देणारी गोष्टही हीच आहे.

शिवाय हे आकडे निरर्थक शब्दांचे आहेत. इंग्रज कवी बायरनच्या काव्यातील कडवी पाठ करून पाहिल्यावर अर्थपूर्ण मजकुराला सुमारे एक-दशांशच श्रम पडतात, असे त्यांनाच आढळले. तेव्हा राज्यघटनेची कलमे समजून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ३४ टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा लावणे चुकीचे आहे. प्रयोग एकाच व्यक्तीवर झाला, ही शंका रास्त आहे. परंतु २०१५ मध्ये मुरे आणि ड्रोस या नेदरलँड्समधील संशोधकांनी तो पुन्हा केला, तेव्हा आलेख बऱ्याच अंशी तसाच आला.

मुलाच्या उपयोगाचा निष्कर्ष वेगळाच आहे. बारा शब्दांची माळ एका बैठकीत ६८ वेळा घोकून दुसऱ्या दिवशी जो फायदा मिळाला, तोच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वाचनांनी मिळाला. म्हणून एखादे प्रकरण एका रात्रीत संपवण्यापेक्षा त्याने ते आज वाचावे, उद्या पुस्तक मिटून आठवून पाहावे, अडेल तेवढेच पुन्हा वाचावे आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा हाती घ्यावे.