‘शेवटची झेड’ म्हणून आत्ताच घ्यावी का?

प्रश्न: मी ३८ वर्षांचा, न्यू जर्सीत एडिसनला राहतो, एच-१बी व्हिसावर सॉफ्टवेअरमध्ये आहे. पत्नी, दोन मुलं. बँकेत ५५ हजार डॉलर आहेत. निसान कंपनी अडचणीत आहे, तिची जीटी-आर ही स्पोर्ट्स कार बंद झाली, उद्या झेड ही दुसरी स्पोर्ट्स कारही जाईल. आत्ताच ४५ हजारांची नवी झेड घेतली तर पुढे किंमत वाढेल ना? १० हजार डाउन पेमेंट, बाकी सहा वर्षांचं कर्ज.

उत्तर: गाडीची आवड मला समजते, म्हणून आवड आणि गुंतवणूक आधी वेगळी करू.

निसानची तब्येत खरंच बरी नाही. मार्च २०२५ला संपलेल्या वर्षात ६७० अब्ज येनहून जास्त तोटा, २० हजार नोकऱ्यांची कपात, १७ कारखान्यांचे १० करण्याची योजना. होंडाशी विलीनीकरणाची बोलणीही फेब्रुवारी २०२५मध्ये फिसकटली. पण कंपनी खंगली म्हणून तिची गाडी आपोआप दुर्मिळ ठेवा ठरत नाही. जीटी-आरला १८ वर्षं आणि सुमारे ४८ हजार गाड्यांचा दबदबा होता. झेडला २०२२मध्ये डीलर छापील किमतीवर हजारो डॉलर वरकड मागत होते, पुढे तीच गाडी सवलतीत मिळू लागली. शिवाय किंमत वाढते ती गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या, कमी माइल्स झालेल्या गाडीची. तुम्हाला तर ती पोकोनोजच्या डोंगरात पळवायची असणार, आणि पळवावीच. मात्र बर्फ वितळवायला मीठ टाकलेले हिवाळी रस्ते सोसलेल्या गाडीला संग्राहक मोठा भाव देत नाहीत.

वॉरंटीचं काय? जनरल मोटर्सची (जीएम) पाँटियॅक सोल्स्टिस ही स्पोर्ट्स कार हे जवळचं उदाहरण. २००९मध्ये जीएम दिवाळखोरीत गेली, ती गाडी बनवणारा विल्मिंग्टनचा कारखाना बंद पडला, पण जीएम टिकली आणि वॉरंटीही टिकली. साब या स्वीडिश कंपनीच्या २०११च्या दिवाळखोरीत मात्र, जीएमने साब विकून टाकल्यानंतर अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांची वॉरंटीच थांबली. निसान साबच्या वाटेने जाईल असं मला वाटत नाही. झेडचं तीन लिटरचं ट्विन टर्बो इंजिन निसानच्याच इन्फिनिटी ब्रँडच्या क्यू५० आणि क्यू६० गाड्यांमध्येही होतं, त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग अचानक संपणार नाहीत. बॉडीच्या भागांची तेवढी खात्री नाही.

खरी अडचण तुमच्या आकड्यांत आहे. ३५ हजारांचं कर्ज ७ टक्क्यांनी धरलं तर ७२ महिने दरमहा साधारण ५९७ डॉलर, म्हणजे जवळजवळ ८ हजार नुसतं व्याज. तीन वर्षांनी किंवा ३६ हजार माइल्सनंतर मूळ वॉरंटी संपेल (इंजिन-गिअरबॉक्सची पाच वर्षं चालते), तेव्हाही १९ हजारांच्या वर कर्ज डोक्यावर असेल. गाडी दोन सीटची, म्हणजे घरची दुसरी गाडी ठेवावीच लागेल. विमाही दोन्हींचा.

आणि एच-१बी. नोकरी गेली तर अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत असते. त्या ६० दिवसांत नवी नोकरी शोधायची, की फेडायची रक्कम किमतीपेक्षा जास्त झालेली स्पोर्ट्स कार विकायची? ही एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त खुपते. म्हणून घरखर्चाचे किमान आठ महिन्यांचे पैसे बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. तुमच्या ५५ हजारांतून ते वजा केल्यावर जे उरेल, तेच तुमचं गाडीचं बजेट.

त्यामुळे नवी झेड आत्ता नको. आजपासून दरमहा ६०० डॉलर वेगळ्या खात्यात टाका. आठ महिने घर ओढाताण न होता चाललं, तर २०२३-२४ची वापरलेली झेड बघा. मॅन्युअल असली तर उत्तम, कर्ज चार वर्षांहून जास्त नको. सुरुवातीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असेल आणि वॉरंटीचा काही भाग शिल्लक असेल. सही करण्याआधी पत्नीला हा हिशेब दाखवा, आणि विम्याचा कोट हातात घेऊनच डीलरकडे जा.