'छान आहे हं' म्हणतात आणि परत फोन करत नाहीत: घर विकणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात घर विकायच्या आधी काय आवरायचं यावर चार ओळी लिहिल्या होत्या, तर पत्रांचा ढीगच आला. सगळी घेता येणार नाहीत, जे प्रश्न फिरून फिरून आलेत तेवढे घेतेय. पत्रं जरा कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: दोन महिने झाले फ्लॅट विकायला काढून. नवीन पडदे लावले, सोफ्याला कव्हरं घातली, एका भिंतीला वॉलपेपर, बाल्कनीत कुंड्या, सगळं करून झालं. लोक येतात, 'छान आहे हं' म्हणतात आणि परत फोन नाही. कुठे चुकतंय?

ताई, 'छान आहे हं' म्हणजे पडद्यांना मार्क मिळाले, घराला नाही. बघायला येणारा माणूस पाहुणा म्हणून येत नसतो हो, तो डोक्यात आपलं कपाट कुठे बसेल ते मोजत असतो आणि त्याच वेळी यात काही गडबड तर नाही ना हेही शोधत असतो. यातलं दुसरं जास्त.

माझंच सांगते. आमचं जुनं घर विकायला काढलं तेव्हा मी हॉल असा सजवला होता की आम्हालाच तिथे बसायची चोरी. एक जोडपं आलं, त्यातल्या बाई हॉलमध्ये थांबल्याच नाहीत, सरळ किचनमध्ये गेल्या, सिंकखालचं कपाट उघडलं आणि वाकून आत पाइपवरून हात फिरवला. हात ओला. खाली मी ठेवलेला डबा, डब्यात बोटभर पाणी. बोलल्या काहीच नाहीत, नुसतं नवऱ्याकडे बघितलं, आणि तिथून पुढे दोघांनी काही मनावर घेऊन बघितलंच नाही, शिष्टाचार म्हणून बेडरूममध्ये डोकावले आणि गेले. नंतर प्लंबर आला, वॉशर बदलला, दहा मिनिटं लागली असतील. दहा मिनिटं! मी पडद्यांवर दोन रविवार घालवले होते.

तर आता असं करा, कागद पेन घ्या आणि दाराबाहेर जाऊन अनोळखी माणसासारखं आत या. बेल वाजते का, कुलूप एका हाताने उघडतं का की दार खांद्याने ढकलावं लागतं, प्रत्येक बटण दाबा, प्रत्येक नळ सोडा आणि बंद करून अर्धा मिनिट तिथेच उभं राहा, थेंब पडतोय का बघा. कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीला दोन थेंब तेल पुरतं. सिंकच्या आणि बेसिनच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलं असेल तर घासत बसू नका, आत बुरशी शिरलेली असते, ब्लेडने कापून काढा, जागा पूर्ण सुकवा आणि नवीन भरा, मग एक दिवस तरी तिथे पाणी लागू देऊ नका. खिडकीच्या ट्रॅकमधला चिखल जुन्या टूथब्रशने निघतो. आणि कपाटं! लोक कपाटं उघडतात, हक्काने उघडतात. गच्च भरलेलं कपाट बघितलं की त्यांच्या मनात येतं या घरात सामान मावत नाही. तिसरा हिस्सा तरी रिकामा दिसू दे.

याला आता होम स्टेजिंग म्हणतात. अमेरिकेत १९७२ च्या सुमारास बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी हे सुरू केलं असं मानतात, त्यांना नाटकाची पार्श्वभूमी होती म्हणून शब्दही तिकडचाच. पण नाटकवाले आधी स्टेज रिकामं करतात, मग लागेल तेवढंच आणून ठेवतात. आपण आहे त्यात भर घालत सुटतो. अर्ध्या कुंड्या शेजारी द्या.

प्रश्न: बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आहे, पोपडे आलेत, खाली पांढरी पूड पडते. एजंट म्हणतो एक हात मारून घ्या रंगाचा, कोणाला कळणार नाही. मारू का?

नका मारू, अजिबात नका. एक तर कळतं. चार भिंतींतली एकच ताजी रंगवलेली दिसली की जाणता माणूस तिथेच जाऊन टकटक करतो. दुसरं, पाणी मागून येतच राहतं, त्याला बाहेर पडायला वाट लागते आणि ते तुमचा नवा रंग फुगवून बाहेर पडतं. थोड्याच दिवसांत परत पोपडे, आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी दुसऱ्यांदा बघायला आलेलं असतं.

आधी पाणी कुठून येतंय ते बघा. सोपी युक्ती आहे. भिंतीचा वरवर कोरडा दिसणारा एक भाग पुसून घ्या, तिथे हातभर लांबीरुंदीचा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा लावा, चारही बाजूंनी टेपने पक्का बंद करा, हवा जायला नको. एक दोन दिवस तसाच ठेवा. मग बघा दव कुठे धरलंय. फॉइलच्या मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, असेल तर पाणी भिंतीतूनच येतंय, म्हणजे बाहेरची भेग, गच्चीचं पाणी, भिंतीतला पाइप किंवा पलीकडच्या बाथरूमच्या टाइल्सचे सांधे. पुढच्या बाजूला, खोलीकडे, असेल तर खोलीतलीच वाफ गार भिंतीवर बसतेय, मग खिडकी उघडी ठेवणं, एक्झॉस्ट लावणं, भिंतीला चिकटवलेलं कपाट चार बोटं पुढे ओढणं यानेही बराच फरक पडतो. दोन्हीकडे असेल तर दोन्ही दुखणी आहेत, काय करणार.

ती पांढरी पूड म्हणजे क्षार. पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून सोबत आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. ते कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुवायला गेलात तर ते परत विरघळून भिंतीत जातात. मग क्रम असा, आधी बाहेरचं किंवा पाइपचं दुरुस्त, मग भिंत पूर्ण सुकू द्यायची, यात कंजूषी नको, जाड भिंतीला आठवडे लागतात, मग खरवडणं, पुट्टी, प्रायमर, रंग, आणि रंग त्या एका भिंतीला नाही, अख्ख्या खोलीला.

दुरुस्तीचं बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा आणि विचारायच्या आधीच दाखवा. खर्च झेपत नसेल तर सरळ सांगा की इथे ओल आहे, किंमत त्या हिशोबाने लावलीय. माहीत असलेला दोष लपवलेला नंतर सापडला तर बऱ्याच ठिकाणी कायद्यानेही अंगाशी येतं, आणि एजंट तेव्हा फोन उचलत नसतो.

प्रश्न: घर वर्षभर बंद आहे, पूर्ण रिकामं. धुऊन पुसून घेतलं तरी दार उघडलं की गटारासारखा वास. बघणारे नाक मुरडतात. चांगला रूम फ्रेशनर सुचवा. शिवाय रिकामं असूनही खोल्या लहान का वाटतात?

फ्रेशनर राहू द्या. नहाणी ट्रॅपमध्ये पाणी ओता. बाथरूमच्या जाळीखाली, बेसिनखालच्या वळलेल्या पाइपमध्ये थोडं पाणी कायम साचून राहील अशी रचना असते, ते पाणीच ड्रेनेजचा गॅस अडवतं. घर बंद राहिलं की ते वाळतं आणि खालची हवा सरळ वर. प्रत्येक जाळीत दोन मग पाणी, बेसिनचा, सिंकचा, वॉशिंग मशीनच्या पॉइंटचा ट्रॅप, कमोडला एकदा फ्लश, झालं. वरून चमचाभर तेल सोडलं तर पाणी लवकर उडत नाही. तरीही वास राहिला तर मात्र पाइपचा सांधा किंवा ट्रॅपच खराब असेल, प्लंबर बोलवा.

दाट फ्रेशनरने उलट संशय येतो, इतकं का मारलंय म्हणून. आणि ज्यांच्या घरात माणसं राहतायत त्यांनी पण हे वाचा, आपल्या नाकाला आपल्या घराच्या वासाची इतकी सवय झालेली असते की तो येतच नाही. कुत्रं, मांजर, सिगरेट, ओले पायपुसणे, काही नाही. एखाद्या स्पष्टवक्त्या मित्राला दारात उभं करा आणि पहिल्या श्वासात काय आलं ते विचारा.

रिकाम्या खोल्यांचं म्हणाल तर नजरेला माप लागतं. बेडरूममध्ये काहीच नसलं की इथे डबल बेड मावेल का हे कोणाला सांगता येत नाही, आणि शंका आली की माणूस 'नाही मावणार' असंच धरून चालतो. एक बेड, बाजूने माणूस आरामात जाईल एवढी जागा सोडून, बास. हॉलमध्ये दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल. उसनं आणा, भाड्याने आणा. बल्ब सगळे एकाच रंगाचे घ्या, हॉल बेडरूमला २७०० ते ३००० केल्विन लिहिलेले, म्हणजे पिवळसर उजेडाचे. एका खोलीत पिवळा आणि एक ६५०० चा पांढराफटक असं केलं की भिंतींचाच रंग दोन तऱ्हेचा दिसतो.

प्रश्न: फोटो मोबाइलवर काढले तर चालतील का?

चालतील की. आधी लेन्स पुसा, अर्धे फोटो बोटांच्या डागांनीच धुरकट येतात. दिवसा काढा, पडदे उघडून. फोन छातीच्या उंचीवर आणि सरळ, वर खाली कलला की भिंती पडल्यासारख्या दिसतात. खोलीच्या कोपऱ्यातून काढा. ०.५ वाली लेन्स जपून वापरा, तिने खोली मैदानाएवढी दिसते आणि माणूस प्रत्यक्ष आला की दारातच हिरमुसतो. आणि कमोडचं झाकण बंद करा, हे सांगावं लागतं याचंच नवल वाटतं पण लागतं.

प्रश्न: घरात दोन लहान मुलं आहेत आणि एजंट तासाभरापूर्वी फोन करून माणसं आणतो. शोरूमसारखं घर ठेवणं शक्य नाहीये!

नकाच ठेवू. एक मोठी टोपली किंवा बास्केट, फोन आला की जमिनीवरचं सगळं त्यात आणि बास्केट गाडीत, गाडी नसेल तर शेजाऱ्यांकडे. मग फक्त सिंक, कमोड आणि दारातल्या चपला. बाकी खेळणी शेल्फवर दिसली तर काही बिघडत नाही, घर घेणाऱ्यांनाही मुलं असतात. आणि एजंटला सांगा, आठवड्यातले दोन दिवस ठरलेल्या वेळा. तो कुरकुर करेल, करू दे.

प्रश्न: आई ४० वर्षं त्या घरात राहतेय. विकायचं तिनेच ठरवलं पण आता भिंतीवरचे फोटो उतरवू देत नाही, मागच्या खोलीत आम्हा भावंडांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत तिथे रंग लावू देत नाही, आणि किंमत सांगते ती ऐकून एजंट गप्प बसतो. तिला कसं समजवू?

दादा, आधी किंमतीचं, कारण ते सोपं आहे. १९९० साली डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी एक साधा प्रयोग छापला होता. कॉलेजच्या निम्म्या मुलांना कॉफीचा मग दिला आणि केवढ्याला विकाल विचारलं, उरलेल्यांना केवढ्याला घ्याल विचारलं. विकणाऱ्यांची किंमत घेणाऱ्यांच्या दुपटीच्या वर गेली. तो मग हातात येऊन किती वेळ झाला होता, थोडासाच! आणि तुमच्या आईचं घर ४० वर्षांचं आहे. तेव्हा त्या लोभीही नाहीत आणि हट्टीही नाहीत. वाद घालू नका, त्यांना घेऊन त्याच भागातली विकायला असलेली दोन तीन घरं बघायला जा, घ्यायची आहेत म्हणून. दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर त्या स्वतःच म्हणतील, एवढ्याशा किचनचे एवढे पैसे? मग आकडा आपोआप खाली येतो, तुम्ही तोंड उघडायच्या आत.

फोटो 'उतरवू' म्हणू नका. 'नव्या घरासाठी पॅक करायला घेऊ' म्हणा, आणि नवीन जागेत कुठला फोटो कुठे लावायचा ते त्यांनाच ठरवू दे, कागदावर काढून. काम तेच आहे, पण एकात त्यांचं घर मोडतंय आणि एकात मांडतंय. खिळ्यांची भोकं पुट्टीने भरायची राहू नयेत फक्त. लोक बघायला येतील तेव्हा आईंना घरात ठेवू नका, कोणीतरी 'ही भिंत पाडून टाकू' असं त्यांच्यासमोर म्हणणारच, लोकांना कळत नाही.

आता त्या खुणा. खाकी कागदाचा रोल आणा, माणसापेक्षा उंच तुकडा कापा, खालची कड जमिनीला टेकवून खुणांच्या अगदी बाजूला भिंतीवर चिकटवा. तुम्ही पट्टी धरा, प्रत्येक खूण सरळ ओढून कागदावर घ्यायची, पण पेन्सिल आईंच्या हातात द्या आणि नावं, तारखा त्यांनाच लिहू द्या. भावंडांना बोलवा त्या दिवशी. वेळ लागेल, मध्येच त्या कोणाची कुठली गोष्ट सांगायला लागतील, घाई करू नका. कागद गुंडाळून त्यांच्याच कपाटात ठेवा. रंगाऱ्याला पुढच्या आठवड्यात बोलवा, त्याच दिवशी नको.