देवळालीतल्या फौजी शाळांबद्दल मतं इतकी उलटसुलट का, आणि मुलांना कुठे घालावं?

तुम्ही लिहिलंय की यजमानांची पोस्टिंग अंबाल्याहून देवळालीला आली आहे, मुलगी नववीत, मुलगा सहावीत. आर्मी पब्लिक स्कूल की केंद्रीय विद्यालय असं विचारलं की निम्मे म्हणतात "डोळे झाकून घाला" आणि निम्मे म्हणतात "चुकूनही नको". बहुतेक दोघेही खरंच सांगतायत, फक्त वेगवेगळ्या वर्षांबद्दल.

फौजी शाळेत दर दोन-तीन वर्षांनी मुलं बदलतात हे सगळ्यांना माहीत असतं. शिक्षकही तसेच बदलतात, हे मत देणारा विसरतो. आर्मी पब्लिक स्कूल ज्या आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीच्या (स्थापना 1983), तिच्या शाळांतल्या शिक्षिकांमध्ये फौजींच्या बायका बऱ्याच असतात. नेमणुका रेग्युलर, फिक्स्ड टर्म आणि अ‍ॅडहॉक अशा तीन तऱ्हेच्या. नवऱ्याची मूव्हमेंट ऑर्डर निघाली की बाई वर्ष अर्ध्यावर सोडून निघतात. केंद्रीय विद्यालयात कायम शिक्षकांची देशभर बदली होते आणि रिकाम्या जागी दरवर्षी मुलाखती घेऊन कंत्राटी शिक्षक भरतात. म्हणजे "तिथे गणित फार छान शिकवतात" हे वाक्य तीन वर्षांपूर्वीचं असेल, तर ते ज्या बाईंबद्दल आहे त्या आज जबलपूरला किंवा भटिंड्याला शिकवत असतील. शिव्यांचंही तसंच.

म्हणून कुठलंही मत ऐकताना आधी साल विचारा, मग इयत्ता, मग विषय. तिन्ही नसतील तर ते मत सोडून द्या.

मत कोण देतंय तेही बघायला हवं. देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं, त्यामुळे कोर्सपुरते आलेले बरेच असतात. त्यांची मुलं लहान, शाळेशी संबंध एखाद्या वर्षाचा. त्यांचं मत म्हणजे क्लासटीचरचा स्वभाव, डायरीतले शेरे आणि अ‍ॅन्युअल डे. तुमच्या नववीच्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट ओझरला हवाई दलाच्या बेस रिपेअर डेपोत किंवा नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये नोकरी करणारे नागरी कर्मचारी वर्षानुवर्षं तिथेच असतात. त्यांची मुलं पहिलीपासून बारावीपर्यंत एकाच केंद्रीय विद्यालयात शिकतात, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात तुलना असते. मात्र ते बोलतात त्यांच्या शाळेबद्दल, देवळालीच्या नव्हे.

रँकचा मुद्दा पालकांच्या बोलण्यात उघड येत नाही, पण आत असतो. पीटीएममध्ये (पालक-शिक्षक भेटीत) साहेबांच्या मिसेसना जास्त वेळ मिळतो, ही तक्रार जवान आणि जेसीओ (सुभेदार वगैरे) कुटुंबांकडून देशभरातल्या फौजी शाळांबद्दल ऐकू येते. ती खरी असो-नसो, शिकवण्याच्या दर्जाबद्दल ती काहीच सांगत नाही. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

मुलांची मतं मला पालकांपेक्षा कामाची वाटतात, पण प्रश्न नेमका हवा. "शाळा कशी आहे?" म्हटलं की "ठीक" एवढंच येईल. त्याऐवजी विचारा: आठवड्यात अरेंजमेंट पिरियड किती लागतात आणि कोणत्या विषयाचे? (शिक्षक नसताना दुसऱ्या कुणाला वर्गावर पाठवतात, तो हा तास.) गणित किंवा विज्ञानाचे आठवड्याला दोन-तीन अरेंजमेंट म्हणजे जागा रिकामी आहे, शाळा काहीही सांगो. मग विचारा, लॅबमध्ये प्रयोग स्वतः करता की बघता? मागच्या पिरियॉडिक टेस्टचा पेपर तपासून घरी दिला का? ही उत्तरं कुणी सजवून देत नाही.

मुलं एक चांगली गोष्ट हमखास सांगतात: या शाळांत नवीन असण्याचं कुणाला काही वाटत नाही. वर्गातला मोठा हिस्सा कुठून तरी नुकताच आलेला असतो, आठ दिवसांत डबा वाटून खाणं सुरू होतं. नाशिकमधल्या चांगल्या खासगी शाळेत नववीत एकटीच नवी मुलगी असणं जास्त जड जातं. सीबीएसई ते सीबीएसई बदलीत हे फार मोलाचं आहे, आणि रागारागाने लिहिलेल्या मतांत ते कधीच दिसत नाही.

आता मतांच्या पलीकडचं. सीबीएसईच्या प्रत्येक शाळेला वेबसाइटवर "मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर" नावाचं पान ठेवावं लागतं. तिथे दहावी आणि बारावीचे मागच्या तीन वर्षांचे निकाल, पीजीटी (अकरावी-बारावीचे), टीजीटी (सहावी ते दहावीचे) आणि पीआरटी (प्राथमिकचे) अशी शिक्षकसंख्या, स्पेशल एज्युकेटर आणि समुपदेशक आहेत की नाही, फीचा तक्ता, सगळं असतं. निकालाच्या टक्केवारीवर भाळू नका. शंभर टक्के पास बऱ्याच शाळा असतात. तुमच्या मुलीसाठी टीजीटींचा आकडा बघा आणि नववी-दहावीच्या तुकड्या किती ते विचारा. पुढे अकरावीही इथेच करायची झाली तर पीजीटींचा.

नववीत येताय हे एका अर्थी नशीब. सीबीएसईत नववी-दहावी हा एकच अभ्यासक्रम धरला जातो आणि बोर्डाचं रजिस्ट्रेशन नववीतच होतं. दहावीत थेट प्रवेश बदलीच्या कारणावरून मिळतो, पण त्याला बोर्डाची मंजुरी लागते. तेव्हा नववीतच घोळ निस्तरून घ्या. घोळ बहुधा दोन ठिकाणी होतो.

पहिला, विषयांचा. अंबाल्यात मुलीचा दुसरा भाषा-विषय पंजाबी असेल आणि इथे फक्त हिंदी-संस्कृत असेल, तर अडचण आहे. सहावा, कौशल्य-विषयही तपासा: तिथे 402 (इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी) आणि इथे 417 (आर्टिफिशियल इंटेलिजन्स) असं सर्रास होतं, आणि मुलगी अर्ध्या वर्षात नवं पुस्तक हाती घेते. प्रवेशाआधी विषयांचे कोडनंबर लिहून दोन्ही शाळांकडून पडताळून घ्या.

दुसरा, नावाचा. पार्ट टू ऑर्डरमध्ये (फौजेच्या दफ्तरातली कुटुंबाची अधिकृत नोंद) मुलीचं नाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, दाखल्यावर तिसऱ्या. रजिस्ट्रेशनमध्ये जे जाईल तेच दहावीच्या प्रमाणपत्रावर येतं आणि नंतर दुरुस्ती करून घेणं म्हणजे हेलपाटे. युनिटच्या क्लार्ककडून पार्ट टू ऑर्डरची प्रत आत्ताच मागवा. आईचं नाव आणि जन्मतारीखही जुळवा.

वर्षाच्या मधेच येत असाल तर जुन्या शाळेकडून टीसीबरोबर आणखी दोन कागद शिक्क्यासह घ्या: हजेरीचा दाखला आणि झालेल्या पिरियॉडिक टेस्टचे गुण. मुख्य विषयांत प्रत्येकी 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, शिवाय 75 टक्के हजेरी भरावी लागते. कागद नसले तर नवी शाळा मागचे महिने कोरे धरते किंवा पुन्हा टेस्ट घेते.

आत्ता मुलं कुठल्या शाळेत आहेत हे तुम्ही लिहिलं नाही, पण निम्मा निर्णय त्यावरच आहे. केंद्रीय विद्यालयात असतील तर तिथल्या टीसीवर बदलीच्या ठिकाणच्या केंद्रीय विद्यालयात प्रवेश मिळतो. यजमान पुढे फील्डला (जिथे कुटुंब नेता येत नाही) गेले आणि तुम्ही कुटुंब दुसऱ्या शहरात हलवलंत तरी फौजींच्या मुलांना ही सोय आहे. आर्मी पब्लिक स्कूलमधून केंद्रीय विद्यालयात जायचं तर मात्र रिकामी जागा असायला हवी. शाळाप्रकार न बदलणं सोयीचं पडतं. ठोस कारण असेल तरच बदला.

खर्चात फरक मोठा आहे. केंद्रीय विद्यालयात महिन्याला विद्यालय विकास निधी 500 रुपये आणि संगणक निधी 100 रुपये. मुलींना शिकवणी शुल्क नाही, मुलग्यांना नववीपासून लागतं. म्हणजे तुमच्या दोघांचे महिन्याला साधारण 1200. आर्मी पब्लिक स्कूलची फी रँकप्रमाणे वेगळी आणि एकूण जास्त, पण सरकारकडून मिळणारा चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्स जानेवारी 2024 पासून दर मुलामागे महिना 2812.50 रुपये, म्हणजे वर्षाला 33,750 आहे. प्रत्यक्ष खर्च कितीही असो, रक्कम तीच. त्यासाठी लागणारा मुख्याध्यापकांचा दाखला मात्र वर्षअखेरीस न विसरता घ्या. एप्रिलमध्ये बदली झाली की तो जुन्या शाळेत अडकतो.

मुलाचं थोडक्यात: सहावीत तिसऱ्या भाषेचा प्रश्न येईल. महाराष्ट्राने 2020 साली सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला आहे, पण प्रत्येक शाळा ती कशी शिकवते आणि गुण धरते की श्रेणी, हे शाळेतच विचारा. घरी मराठी बोलणारी पण वाचता न येणारी फौजी मुलं या विषयात हमखास अडखळतात. उन्हाळ्यात बाराखडी आणि जोडाक्षरं करून घ्या, पुरेल.

पत्त्याचा गोंधळ टाळा. देवळाली गाव नाशिक रोडला लागून आहे, देवळाली कॅम्प वेगळं. क्वार्टर आर्टिलरी सेंटरला मिळालं आणि शाळा कॅम्पात घेतली, तर बसचा पहिला स्टॉप तुमचा आहे की शेवटचा यावर मुलीची झोप ठरते. ओझर तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. देवळालीत राहून तिथली शाळा धरण्यात अर्थ नाही. आणि भोसला मिलिटरी स्कूल नावामुळे या यादीत येतं, पण ती 1937 साली डॉ. मुंजे यांनी काढलेली लष्करी शिस्तीची शाळा. फौजी कुटुंबांच्या बदल्यांची सोय हा तिचा हेतू नाही.

शेवटी दोन वर्षांनंतरचं. मुलीची दहावी संपताना पुन्हा पोस्टिंग येईल, तेव्हा अकरावी इथेच ठेवायची की न्यायची हा प्रश्न पडेल. तिला मेडिकलला जायचं असेल तर महाराष्ट्राच्या कोट्यासाठी डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून असणं लागतं. बाहेर नोकरीवर असलेल्या फौजींच्या मुलांना सवलती आहेत, आणि डिफेन्स कोट्याचे डोमिसाइल असलेले माजी सैनिक, सेवेतले आणि महाराष्ट्रात बदलून आलेले असे तीन प्रकार आहेत. यजमानांचं डोमिसाइल कुठलं, यावर तुमचा प्रकार ठरेल. त्या वर्षीची सीईटी सेलची (राज्यातले हे प्रवेश करणारं कार्यालय) माहितीपुस्तिका दहावीच्या दिवाळीत वाचून ठेवा, कारण क्वार्टर रिटेन्शनचा (बदलीनंतरही घर ठेवण्याचा) किंवा एसएफ क्वार्टरचा (वेगळं राहणाऱ्या कुटुंबासाठीचं घर) अर्ज करायची वेळ निकालाच्या कितीतरी आधी येते.